गाठीखालचा डाग

"आजी, गाठ सोडा."

"वरूनच पाहा ना बापा."

"वरून लुगडं दिसतं आजी. मला कातडी पाहायची आहे."

लीलाबाईनं दोन्ही हात कमरेवर दाबून धरले. कोणी लुगडं ओढून नेणार असल्यासारखी ती टेबलाला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टर म्हणजे कोवळा पोरगा. खिशावर नाव लिहिलं होतं, धम्मदीप. वर्ध्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात सकाळी आठपासून ती रांगेत उभी होती. चिठ्ठी काढली, दोन खिडक्या चुकली, तिसऱ्या खिडकीवाल्याशी भांडली, आणि एवढं करून आत आल्यावर आता गाठ सोडायला तयार नव्हती.

"सर, तुमी दोन मिनिटं बाहीर थांबा," जवळ उभी असलेली नर्स म्हणाली आणि पडदा ओढून घेतला. तिचं नाव स्वीटी. नाव असं असलं तरी बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं.

"आजी, कोण्या गावच्या तुमी?"

"समुद्रपुराकडची."

"संगं कोनी नाई?"

"कोनी नाई. बहीन बिमार हाय, तिच्याकडे जाऊन राह्यली, असं सांगतलं घरी."

"काऊन?"

लीलाबाई कमरेवरचे हात न काढता म्हणाली, "नातीचं साक्षगंध हाय पुढच्या महिन्यात. पोट्टा पुलगावच्या डेपोत परमनंट हाय. असं स्थळ काय रोज येते?"

स्वीटी सिस्टरनं तिच्याकडे नीट पाहिलं. आवाज खाली आणून विचारलं, "तुमाले कोड वाटून राह्यलं काय ते?"

सहा वर्षांत तो शब्द कोणी तिच्यापुढे उच्चारला नव्हता. लीलाबाईनं स्वतःशीसुद्धा नाही. तिचे डोळे भरले, आणि मग हात आपोआप गाठीकडे गेले.

लीलाबाई पंधराव्या वर्षापासून लुगडं नेसत आली होती. नऊवारी, आत परकर नाही, गाठ थेट कातडीवर, डाव्या कुशीला. पहाटे अंघोळ झाली की ती गाठ बसायची, ती दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीपर्यंत. झोपेतही सुटायची नाही. सासू म्हणायची, "गाठ सैल तं बाई सैल." सासू गेली, सासूमागोमाग नवरा रूपरावही गेला, पण गाठ काही सैल झाली नाही. त्यात कापसाचा हंगाम आला की त्याच जागेवर ओटीचं फडकं बांधायचं. पोटापुढे झोळी करून वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचं. पाच-सहा किलो भरला की मगच तास, म्हणजे कपाशीची ओळ, सोडून ढिगाकडे जायचं. एवढं ओझं कमरेवर लोंबायचं, म्हणून गाठ आणखी आवळायची. लीलाबाईच्या टोळीत बारा बाया होत्या, पण दिवसाला तिच्याइतकं कोणाच्या हातानं होत नसे. तिच्या पाठीमागे राहिलेल्या बाईची ती खैर ठेवत नसे.

सहा वर्षांपूर्वी एकदा अंघोळ करताना तिला दिसलं की कमरेभोवतीचा रंग उडालाय. डाव्या बाजूला तर तांदळासारखा पांढरा डाग. तिच्या आईच्या चुलतबहिणीला कोड होतं. ती बाई जन्मभर बिनलग्नाची राहिली, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एकटी जेवायची, आणि तिच्यापायी तिच्या तीन भाच्यांची लग्नं रखडली. लीलाबाईनं हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. घरात नात सुरभी तेव्हा पंधरा-सोळाची होती. लीलाबाईनं त्याच दिवशी ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. गाठ नेमकी डागावर येईल अशी बांधायची, आणि आवळून बांधायची, म्हणजे वाकताना सरकून कोणाला दिसायला नको.

दीड वर्षापूर्वी तिथं खाज सुटली. मग चीर पडली. हळद-चुना लावून पाहिला. औषधाच्या दुकानातून गजकर्णाचं मलम आणलं. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी लुगड्याला पुन्हा डाग. आपलं लुगडं ती आपणच धुवायला लागली. सुनेनं हात लावला तर खेकसायची. सुनेला वाटलं, बुढीला म्हातारपणी सोवळं सुचलं. गेल्या दोन महिन्यांत जखमेच्या कडा फुलकोबीसारख्या वर आल्या, वास यायला लागला, आणि साक्षगंधाच्या गर्दीत बाया नाकाला पदर लावतील या भीतीनं लीलाबाई एकटीच एस.टी.त बसून वर्ध्याला आली. दुखण्याची भीती तिला अजून वाटलीच नव्हती.

गाठ सुटली. डॉक्टर आत आला. त्यानं पाहिलं, हातमोजे घालून दाबून पाहिलं, जांघेत गाठी चाचपल्या, आणि मग विचारत सुटला.

"उन्हात काम करता?"

"मंग काय सावलीत कापूस होते?"

स्वीटी सिस्टर हसली. डॉक्टरही हसला, पण लिहीत राहिला. "या जागी कधी भाजलं होतं? चटका? जुनी जखम?"

"नाई."

"फवारणी करता?"

"पोरगा करते. मी नाई."

"घरात कोणाला असं?"

"कोनाले नाई," लीलाबाई एवढ्या जोरात म्हणाली की पडद्यापलीकडची रांग क्षणभर गप्प झाली.

त्यानं जखमेचा छोटा तुकडा काढला. आठ दिवसांनी यायला सांगितलं. आठ दिवसांनी लीलाबाईची बहीण पुन्हा आजारी पडली. बिचारी बहीण यवतमाळात ठणठणीत होती.

"आजी, हे कोड नाही," डॉक्टर म्हणाला.

लीलाबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "देवा रे! मंग निंगते मी. दोनची गाडी भेटून जाईन."

"थांबा. कोड नाही, पण कॅन्सर आहे. कातडीचा."

ती उठली होती, ती पुन्हा बसली. कॅन्सर म्हणजे तंबाखूवाल्यांच्या तोंडाला होतो, बायांच्या छातीला होतो, एवढं तिला ठाऊक होतं. "कातडीले बी होते?"

"होतो. आपल्याकडे कमी. शंभर कॅन्सरवाले घेतले तर त्यांत कातडीचे एक-दोन. गोऱ्या लोकांच्या देशात पुष्कळ, तिथं तो उन्हानं होतो. आपला काळा रंग आपल्याला उन्हापासून बराच वाचवतो. पण आपल्याकडे तो जुन्या घावावर बसतो. भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेवर, नाहीतर अशा रोज घासणाऱ्या जागेवर."

"म्हंजे उन्हानं नाई?"

"नाही. गाठीनं. घासून घासून रंग गेला, तो पांढरा डाग. डाग असला म्हणून प्रत्येकीला कॅन्सर होत नाही, फार थोड्यांना होतो. पण तुम्ही त्याला कोड समजलात आणि वरून आणखी आवळलंत. ज्यानं झाकत होतात, त्यानंच तो वाढत होता."

लीलाबाई म्हणाली, "माही सासू म्हने, लाखात एक सून आनली म्या. मी तं शंभरातच निंगाली."

स्वीटी सिस्टरला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरनं सांगितलं, जांघेतल्या गाठींमध्ये पसरलेला दिसत नाही, छातीचा फोटोही साफ आहे. मंगळवारी ऑपरेशन करू, जागा पूर्ण काढून टाकू, मांडीची कातडी तिथं लावू.

"महिनाभर थांबलं तं?"

"दीड वर्ष थांबलात आजी. आज मी सांगतोय, पसरलेला नाही. महिन्यानं हेच सांगेन, असं वचन देत नाही."

परतीच्या गाडीत तिला आधी रडू आलं आणि मग राग. राग कोणावर काढावा? सासू गेलेली, गाठ तर स्वतःच्याच हातची. सहा वर्षं आपण स्वतःच्या हातानं स्वतःला कापत बसलो आणि वर स्वतःला हुशार समजत होतो, हे तिला फार लागलं. जाम गावच्या चौरस्त्यावर गाडी थांबली तोवर तिचं ठरलं होतं.

संध्याकाळी तिचा मुलगा मुकेश हिंगणघाटच्या जिनिंगमधून आला. चहा त्याच्या हातात असतानाच तिनं सांगून टाकलं. सगळं सांगितलं: बहीण, डाग, तुकडा, मंगळवार. सून कपाळाला हात लावून खालीच बसली. मुकेश कप धरून तसाच उभा. तो काही वाईट पोरगा नव्हता. आईवर जीव होता त्याचा, पण तो भेदरला, आणि भेदरलेला माणूस आधी लोकांचा विचार करतो.

"माय, सतरा-अठरा दिवस थांबू ना मंग. साक्षगंध होऊन जाऊ दे."

"काऊन?"

"लोक म्हनतीन, यांच्या घरात कॅन्सर हाय. उद्या पोट्टीले बी होईन म्हनतीन. जमलेलं मोडलं तं?"

"मोडू दे," सुरभी दारातून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कोणाला कळलं नव्हतं. तिचे डोळे लाल होते. "आजीले मारून मले नाई जाचं कोनाच्या घरी."

"तू चूप बस," लीलाबाई म्हणाली. "मोडू देनारी मी नाई अन् मरनारी बी नाई. मुकेश, ऐक. लपवून सहा वर्स काढले म्या, लपवल्यानंच हे झालं. आता आनखी लपवाचं म्हनतं तू? मी उद्या वडनेरले पोट्ट्याच्या घरी जाऊन सांगून येईन."

"माय! पोरीकडच्यानं असं सांगाले जात नसते कोनी."

"जात नसते म्हून तं मले जाच लागते."

मुकेशनं रात्रभर समजावलं. सकाळी उठून पाहतो तर आई एस.टी. स्टँडवर पोचली होती.

वडनेरला सुरभीच्या होणाऱ्या नवऱ्याचं, अंकितचं, घर मोठं, ओसरी सारवलेली, दारात ट्रॅक्टर. अंकित ड्युटीवर पुलगावला. त्याचे आजोबा, नानाजी, ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मुलीची आजी एकटीच आलेली पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या, पण पाणी दिलं, बसायला पाट मांडला. लीलाबाई बसली नाही. म्हणाली, "अनुसयाबाईसंगं बोलाचं हाय. एकटीसंगं."

अनुसयाबाई म्हणजे अंकितची आजी. लीलाबाईपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, लुगड्यातलीच, घरात तिच्या शब्दाला वजन. ती तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं तुरीची पोती रचलेली होती. लीलाबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"डाक्टर म्हनते, पोरीले याच्यातून होत नसते. तिचा काई दोष नाई. तरी बी तुमाले वाटलं तं मोडा. पन मागून दुसऱ्याच्या तोंडून कळलं, असं नको. म्हून मी आली."

अनुसयाबाई पोत्यांकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "दाखवा."

दवाखान्यात एवढी अडलेली गाठ इथं झटक्यात सुटली. अनुसयाबाईनं वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग ती उठली, दाराजवळ गेली आणि कडी लावून घेतली. लीलाबाईच्या मनात आलं, झालं, आता ही बाई आपल्याला चार भिंतींत काय वाट्टेल ते बोलून घेणार. तिनं ऐकून घ्यायची तयारी केली. मुलीकडच्यांना ती सवय असतेच.

अनुसयाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे हात कमरेशी काहीतरी करत होते. वळली तेव्हा लुगड्याचा फेर तिच्या हातात होता.

"हे पाहा," ती म्हणाली.

तोच पट्टा. कमरेभर फिकट, उजव्या कुशीला पांढरा, आणि मधोमध रुपयाएवढा ओला घाव.

"आठ महिने झाले," अनुसयाबाई म्हणाली. "भरूनच नाई राह्यला. मले वाटलं, कोडच फुटलं. नानाजीले बी नाई सांगतलं. म्या म्हनलं, पोट्ट्याचं लगन आटपू दे आधी. पोरीकडच्याईले कळलं तं पोरगी नाई देनार."

लीलाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "म्हंजे तुमी आमच्यापासून लपवून राह्यल्या होत्या?"

"अन् तुमी आमच्यापासून."

आधी लीलाबाईला हसू फुटलं. मग अनुसयाबाईला. दोघींची मूठ सव्वा लाखाची, आणि दोन्ही मुठींत एकच माल! दोन म्हाताऱ्या अर्ध्या लुगड्यात, तुरीच्या पोत्यांना टेकून, तोंडावर पदर दाबून हसत होत्या, आणि हसता हसता अनुसयाबाईचं रडू कधी सुरू झालं ते तिलाच कळलं नाही. लीलाबाईनं तिला रडू दिलं. मग तिच्या लुगड्याचा फेर उचलून तिच्या हातात दिला.

"सैल नेसा. अन् मंगळवारी माह्यासंगं चाला."

"मले भेव लागते वो."

"मले काय नाई लागत? माहं तं कापून राह्यले. तुमचं नुसतं पाहतीन. मलेबी त्याईनं आधी पाह्यलंच होतं."

"आमच्या याईनं नाई म्हनलं तं?"

लीलाबाईनं तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कडी काढली आणि सरळ ओसरीवर येऊन उभी राहिली.

"नानाजी, मंगळवारी अनुसयाबाई माह्यासंगं वर्ध्याच्या दवाखान्यात येऊन राह्यल्या. त्याईच्या कमरेले घाव हाय, आठ महिन्यापासून. भरून नाई राह्यला. मले तसाच होता, माहा कॅन्सर निंगाला. त्याईचा असनच असं नाई. पन पाहाच लागते."

नानाजींच्या हातातला पेपर खाली आला. "मले तं कधी बोलली नाई ते."

"तुमी कधी इचारलं?"

असं त्यांना त्या ओसरीवर आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि मुलीकडचं माणूस तर नाहीच. आत अनुसयाबाई दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. नानाजींनी पेपरची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली.

"सकाळची गाडी किती वाजताची हाय?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी लीलाबाईचं ऑपरेशन झालं. मुकेश दाराबाहेर बसून होता. आत नेताना तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण त्यालाच जास्त गरज होती. त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत अनुसयाबाईच्या घावाचा तुकडा काढला. लीलाबाईचा रिपोर्ट चांगला आला: सगळं निघालं, कडा साफ. पण डॉक्टरनं बजावलं, आता जन्मभर कमरेला काही आवळायचं नाही. लुगडं नाही, ओटीचं फडकं नाही.

ऑपरेशनला न रडलेली लीलाबाई हे ऐकून रडली. पन्नास वर्षं अंगावर असलेलं गेलं, आणि त्याच्याबरोबर कापसाच्या तासातली पहिली जागाही गेली. तिला माणसातून उठल्यासारखं वाटलं. सुरभीनं खांद्यावरून सुटणारे दोन ढगळ झगे शिवून दिले. पहिल्या दिवशी झगा घालून ती आरशाकडे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या बाया भेटायला आल्या, तेव्हा तिनं त्यांना झग्यावरून हसू दिलं नाही. दार लावून एकेकीला समोर उभं केलं आणि गाठी सोडायला लावल्या. तिघींचे डाग निघाले, घाव कोणाचाच नव्हता. त्या तिघींना तिनं आत परकर आणि रुंद नाडा घालायची अशी तंबी दिली, की तशी डॉक्टरनंही कोणाला दिली नसेल.

साक्षगंध ठरल्या दिवशीच झालं. मांडवात सतरंज्या, पोरांचा गोंगाट, आतून भाजीचा वास. लीलाबाईला मांडी घालायची मनाई होती, खुर्चीतही पाच मिनिटांवर टाके ओढायचे. म्हणून ती झग्यावर पांढरी ओढणी घेऊन मांडवाच्या खांबाजवळ उभी राहिली. बायांची कुजबुज तिला ऐकू येत होती. नातीच्या साक्षगंधाला बुढी झगा घालून! तिनं मान वर ठेवली.

वडनेरची मंडळी आली. अनुसयाबाईला मानाच्या जागी, पुढच्या गादीवर नेत होते. तिचा पहिला तुकडा अपुरा पडला होता, दुसऱ्याचा रिपोर्ट अजून यायचा होता, गुरुवारी मिळणार होता. परकरावर सैल पातळ नेसून ती हळूहळू चालत आली, गादीपाशी थांबली, मांडवभर नजर फिरवली आणि गादी सोडून खांबाकडे वळली.

"इहीनबाई, बसा ना," लीलाबाई घाईनं म्हणाली. "मान हाय तुमचा."

"तुमी बसा, मंग मी बसन."

"मले बसता येत नाई."

"मंग मले बी नाई येत."

मुलाकडची आजी मुलीकडच्या आजीशेजारी उभी. असं त्या मांडवात कोणी पाहिलं नव्हतं. नानाजी उठून आले, मुकेश खुर्च्या घेऊन धावला, कोणी म्हणालं लोक काय म्हणतील. अनुसयाबाईनं कोणाकडेच लक्ष दिलं नाही. तिनं आपला हात लीलाबाईच्या कोपराखाली घातला. त्या हाताची पकड फार घट्ट होती. गुरुवारचं भय होतं ते. लीलाबाईनं तो दाबून धरला.

कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या. सुरभी आणि अंकित बसले, त्यांच्या मागे मंडळी बसली. फोटोवाल्यानं दोघींना हातानं खुणावून पाहिलं, बसा, बसा म्हणून दोनदा सांगून पाहिलं. मग त्यानं चार पावलं मागं जाऊन कॅमेरा वर उचलला.